लेझर कटर घ्यायचाय? मग आधी वॅटचा आकडा बाजूला ठेवा

"दादा, लाईट आरपार जातेय, पण प्लास्टिक कापतच नाहीये. बहुतेक मशीनच खराब दिलंय."

मागच्या वर्षी गणपतीच्या दीडेक महिना आधी माझ्या मावसभावाचा कऱ्हाडहून व्हिडिओ कॉल आला. त्याने साठवलेल्या पैशातून बावीस हजारांचा लेझर कटर ऑनलाइन मागवला होता. रील्स बघून प्लॅन ठरलेला होता: सुरुवातीला पारदर्शक ॲक्रिलिकच्या कीचेन आणि नेमप्लेट, मग गणपतीसाठी एमडीएफचे मखर. पहिली ऑर्डरही घेऊन झाली होती, वीस कीचेनची. स्क्रीनवर दिसत होतं ते असं: मशीन व्यवस्थित चालतंय, निळा प्रकाश पडतोय, ॲक्रिलिकवर ओरखडासुद्धा नाही आणि खालचा लाकडी पाट मात्र छान जळतोय.

मशीन खराब नव्हतं. मशीन अगदी बरोबर वागत होतं. चुकली होती ती निवड. आणि हे फक्त त्याच्याच बाबतीत होत नाहीये. गेल्या चार-पाच वर्षांत घरी टेबलावर ठेवता येतील असे लेझर कटर भराभर स्वस्त झाले. ५ वॅटवरून १०, मग २०, मग ४० वॅट अशी शर्यतच लागली. २०२५ च्या मार्चमध्ये बांबू लॅब या थ्रीडी प्रिंटरवाल्या कंपनीने एच२डी नावाचं मशीन आणलं, त्यात प्रिंटरलाच १० किंवा ४० वॅटचा लेझर जोडून मिळतो. म्हणजे लेझर कटर आता वर्कशॉपमधून उठून कॉलेजच्या मुलाच्या खोलीत आलाय. माहिती मात्र अजून जाहिरातीपुरतीच आलीय. म्हणून आज जरा नीट बघू, कुठल्या कामाला कुठलं डिझाइन लागतं आणि का.

वॅट म्हणजे लेझरचे मेगापिक्सेल

फोन घेताना आपण एक धडा शिकलोय. १०८ मेगापिक्सेल लिहिलं म्हणून फोटो चांगला येतोच असं नाही. सेन्सर केवढा, लेन्स कशी, सॉफ्टवेअर काय करतं, हे सगळं मिळून फोटो ठरतो. तरी बॉक्सवर मोठ्ठा आकडा मेगापिक्सेलचाच असतो, कारण एकच आकडा विकायला सोपा पडतो.

लेझर कटरमध्ये तोच खेळ वॅटचा चालतो. त्यातही एक जास्तीची मेख आहे. भावाच्या बॉक्सवर "४० वॅट" छापलं होतं. मॅन्युअलमध्ये शोधलं तेव्हा बारीक अक्षरात सापडलं: ऑप्टिकल आउटपुट ५ वॅट. म्हणजे ४० वॅट ही मॉड्यूल खेचतं ती वीज. प्रत्यक्ष प्रकाश म्हणून बाहेर पडतात ते ५ वॅट. कापण्याचं काम हा दुसरा आकडा करतो. त्यामुळे कुठल्याही मशीनचं पान उघडलं की पहिला शोध ऑप्टिकल पॉवरचा घ्यायचा. तो आकडा कुठेच दिला नसेल, तर का दिला नाही हे समजून घ्या आणि पुढे जा.

पण समजा भावाने खरोखर ४० वॅट ऑप्टिकलचं मशीन घेतलं असतं, तर पारदर्शक ॲक्रिलिक कापलं गेलं असतं का? तरीही नाही. कारण अडचण ताकदीची नव्हतीच. अडचण रंगाची होती.

पहिला प्रश्न: काय कापायचंय?

लेझर एखादी वस्तू तेव्हाच कापतो, जेव्हा ती वस्तू तो प्रकाश शोषून घेते. शोषला की उष्णता, उष्णतेने वितळणं किंवा जळणं, आणि मग काप. प्रकाश आरपार गेला किंवा परत फिरला तर काहीच होत नाही. खिडकीच्या काचेतून ऊन आत येतं, फरशी तापते आणि काच त्यामानाने थंडच राहते. ॲक्रिलिकचं निळ्या प्रकाशासमोर तसंच होतं.

बाजारात सध्या तीन प्रकारचे लेझर दिसतात आणि तिघांची तरंगलांबी एकमेकांपासून खूप लांब आहे.

डायोड लेझर: साधारण ४५० नॅनोमीटर, म्हणजे निळा. स्वस्त मशीनमध्ये हाच असतो. लाकूड, प्लायवूड, एमडीएफ, पुठ्ठा, खरं चामडं, सुती कापड, काळं किंवा गडद अपारदर्शक ॲक्रिलिक हे सगळं तो कापतो. पारदर्शक ॲक्रिलिक नाही, काच नाही. निळ्या रंगाचं ॲक्रिलिकसुद्धा त्याला त्रास देतं, कारण निळी वस्तू निळा प्रकाश शोषत नाही.

सीओटू लेझर: १०.६ मायक्रोमीटर, म्हणजे निळ्याच्या वीसपटीहून जास्त लांब. हा डोळ्याला दिसत नाही. आपल्याला पारदर्शक दिसणारं ॲक्रिलिक या प्रकाशाला मात्र भिंतीसारखं असतं. सगळा प्रकाश वरच्या वर शोषला जातो. म्हणून ॲक्रिलिकची ती चकचकीत, पॉलिश केल्यासारखी कड फक्त सीओटूवरच येते. साधी काचही हा प्रकाश शोषते, त्यामुळे या मशीनची लेन्स काचेची नसून झिंक सेलेनाइडची असते.

फायबर लेझर: १०६४ नॅनोमीटर, हाही अदृश्य. धातूंसाठी हा. भोसरी-चाकणच्या कारखान्यांत पत्रा कापणारी किलोवॅटची मशीन असतात ती याच जातीची. पत्राकामात गेल्या काही वर्षांत फायबरने सीओटूला बऱ्यापैकी बाजूला सारलंय, कारण धातू हा प्रकाश जास्त शोषतो आणि तेवढ्याच विजेत प्रकाशही जास्त मिळतो. पण पारदर्शक ॲक्रिलिकसमोर हाही हतबल.

यातल्या सीओटूचा आपल्याशी एक जवळचा धागा आहे. हा लेझर १९६४ साली अमेरिकेतल्या बेल लॅब्समध्ये सी. कुमार एन. पटेल यांनी तयार केला. त्यांचा जन्म १९३८ चा, बारामतीचा. इंजिनिअरिंग त्यांनी पुण्याच्या सीओईपीतून केलं. म्हणजे आज गावोगावच्या नेमप्लेटच्या दुकानात जे मशीन घरघरतंय, त्याच्या मुळाशी बारामतीत जन्मलेला एक इंजिनिअर आहे. रील्समध्ये हे कुणी सांगत नाही.

तर भावाच्या प्रश्नाचं उत्तर एका ओळीत होतं: पारदर्शक ॲक्रिलिक हेच मुख्य काम असेल तर डायोड घ्यायचाच नाही, मग तो कितीही वॅटचा असो.

दुसरा प्रश्न: बारीक म्हणजे किती बारीक?

आता मशीन योग्य जातीचं घेतलं असं धरू. पुढचा मुद्दा अचूकतेचा, आणि खरी गंमत इथे आहे.

लेझरची रेघ गणितातल्या रेघेसारखी शून्य जाडीची नसते. तो कापताना थोडं मटेरियल जाळून टाकतो. त्या खाचेच्या रुंदीला कर्फ म्हणतात. घरगुती मशीनवर कर्फ साधारण ०.१ ते ०.३ मिमी पडतो. ऐकायला किरकोळ वाटतं. पण मखराचं उदाहरण घ्या. ३ मिमीच्या एमडीएफचे दोन तुकडे एकमेकांत अडकवायचे म्हणून तुम्ही ३ मिमीचा स्लॉट काढला. कर्फ ०.२ मिमी असेल तर दोन्ही बाजूंनी अर्धा-अर्धा खाऊन स्लॉट ३.२ चा होतो. एका जोडात हे चालून जाईल. वीस जोड असलेल्या मखरात मात्र सगळं मिळून हलतं, आणि वर दिव्यांची माळ लावली की कमान एका बाजूला कलते. त्यात "३ मिमी" म्हणून मिळणारं एमडीएफ दर वेळी बरोबर ३ मिमी भरेल याची खात्री नाही.

मग कर्फ लहान कसा करायचा? तो मुख्यतः स्पॉटवर, म्हणजे प्रकाशाच्या ठिपक्याच्या आकारावर अवलंबून असतो. पुस्तकी नियम सांगतो की तरंगलांबी जितकी कमी, तितका ठिपका बारीक करता येतो. या हिशेबाने निळा डायोड सीओटूला सहज हरवायला हवा. प्रत्यक्षात तसं एकतर्फी होत नाही.

डायोडमधून निघणारा किरण गोल नसतो. तो एका दिशेला जास्त आणि दुसऱ्या दिशेला कमी पसरतो. लेन्सने आवरला तरी ठिपका चौकोनी किंवा आयताकृती राहतो. शिवाय एकच डायोड साधारण ५-६ वॅट देतो. १० वॅटसाठी दोन, २० साठी चार, ४० साठी आठ डायोडचे किरण एकावर एक आणून बसवावे लागतात. जितके जास्त किरण, तितका ठिपका मोठा होण्याकडे कल. म्हणजे जास्त वॅटचा डायोड जाड माल पटकन कापेल, पण बारीक नक्षीत कमी वॅटवाला त्याच्यापुढे जाऊ शकतो. "वॅट विसरा" म्हणतो ते यासाठी.

आयताकृती ठिपक्याचा आणखी एक परिणाम होतो. आडवं कापताना कर्फ वेगळा आणि उभं कापताना वेगळा. चौकोनी तुकडा आडवा नीट बसतो आणि उभा ढिला होतो. बरेच जण यासाठी मशीनच्या पट्ट्यांना दोष देत बसतात.

सीओटूचा किरण बराच गोल असतो. नेहमीच्या २ इंची लेन्सने त्याचा ठिपका साधारण ०.१ ते ०.१५ मिमी होतो. १.५ इंची लेन्स लावली तर आणखी बारीक, पण मग फोकस फार थोड्या खोलीपुरता टिकतो. पातळ कागदाची जाळी, लग्नपत्रिका यासाठी आखूड लेन्स चांगली. ६ मिमी ॲक्रिलिकसाठी लांब लेन्स, नाहीतर कड तिरकी येते. मोबाइलच्या कॅमेऱ्यात पोर्ट्रेट मोडला मागचं धूसर होतं ना? हे त्याच जातीचं गणित.

तिसरा प्रश्न: हलतंय काय?

दोन मशीनमध्ये लेझर सारखाच असेल तरी काप वेगळा येऊ शकतो, कारण हलणारा भाग वेगळा असतो. इथे डिझाइनचे तीन मुख्य प्रकार आहेत.

पहिला, डोकंच हलतं. डायोड मशीनमध्ये अख्खा लेझर मॉड्यूल पट्ट्यावर बसून फिरतो. आरसे नाहीत, त्यामुळे आरसे जुळवण्याची कटकट नाही. शिकाऊ माणसाला हे सोपं. पण ४० वॅटचं मॉड्यूल, त्यावर पंखा आणि हीटसिंक, असं वजन कोपऱ्यावर वळवायचं म्हणजे ते थोडं पुढे जातं आणि मग थरथरतं. वेगात कापलेल्या अक्षरांच्या कडेला लाटा दिसतात त्या यामुळे.

दुसरा, आरसे हलतात. सीओटूची काचेची ट्यूब लांब, पाण्याने थंड ठेवावी लागणारी. ती मागे एका जागी पडून असते आणि तीन आरशांवरून किरण डोक्यापर्यंत येतो. डोकं हलकं, वेग चांगला. पण ट्यूबपासून डोक्याचं अंतर सतत बदलतं. आरसे किंचित सरकले की जवळच्या कोपऱ्यात मस्त कापतं आणि लांबच्या कोपऱ्यात अर्धवट राहतं. दर काही दिवसांनी आरसे पुसणं आणि जुळवणं हे या मशीनवाल्याच्या आयुष्याचा भाग आहे. धातूची आरएफ ट्यूब असलेली मशीनही येतात. ती जास्त टिकतात, बारीक कामाला छान असतात, आणि महागही तितकीच.

तिसरा, गॅल्व्हो. यात डोकं जागच्या जागी आणि दोन इवलेसे आरसे जबरदस्त वेगाने फिरतात. फायबर मार्किंग मशीन असंच असतं. एक्सटूलचं एफ१ सारखं छोटं पोर्टेबल मशीनही याच पद्धतीचं. काही सेकंदांत पेनावर नाव कोरून देणारी जी रील तुम्ही बघता, ती गॅल्व्होची. पण त्याचं कार्यक्षेत्र लहान असतं, साधारण ११ सेंटिमीटरच्या चौकोनाएवढं. मधोमध किरण सरळ पडतो आणि कडेला तिरका. कोरायला हरकत नाही. जाड तुकडा कापायला गेलात तर कडेच्या भागात कापाची भिंत तिरकी येते. सोनार मंडळी चांदीच्या पातळ पत्र्यातून नावाचं पेंडंट कापतात, तिथे मात्र ताकदवान फायबर गॅल्व्हो शोभतो. मखर त्यावर होणार नाही.

आता सॉफ्टवेअर इंजिनिअर म्हणून एक आकडा फोडून दाखवतो. बऱ्याच मशीनच्या जाहिरातीत "०.०१ मिमी अचूकता" लिहिलेलं असतं. तो आकडा कुठून येतो? नेहमीची स्टेपर मोटर एका फेरीत २०० पावलं टाकते. ड्रायव्हर प्रत्येक पावलाचे १६ भाग करतो, झाले ३२००. पट्ट्याची पुली २० दातांची आणि दातांमधलं अंतर २ मिमी, म्हणजे एका फेरीत ४० मिमी. ३२०० भागिले ४०, म्हणजे मिलिमीटरला ८० पावलं. एक पाऊल ०.०१२५ मिमीचं. कंपनीने गोल करून ०.०१ छापलं!

पण हे झालं आज्ञा देण्याचं रिझोल्यूशन. पट्टा ढिला असेल, चाकात झोल असेल, फ्रेम काटकोनात नसेल, तर मोटरने ०.०१ मिमी सांगितलेलं डोक्यापर्यंत पोचतच नाही. आणि ठिपकाच ०.१ मिमीचा असेल तर ०.०१ चा उपयोग तरी काय? जाड मार्करने मिलिमीटरच्या दहाव्या भागावर खूण करायला सांगण्यासारखं आहे ते.

चौथा प्रश्न: वेळ किती लागणार?

वॅट बाजूला ठेवा म्हटलं, पण कायमचे नाही. लेझरची जात आणि डिझाइन ठरलं की मग वॅटचं काम सुरू होतं, आणि ते काम म्हणजे वेळ.

समजा एका मोठ्या मखरात सगळ्या रेघा मिळून ४० मीटर कापायच्या आहेत. भावाच्या ५ वॅटच्या मशीनवर ३ मिमी एमडीएफला तीन पास लागत होते, सेकंदाला ५ मिमी वेगाने. ४०,००० भागिले ५, गुणिले ३, म्हणजे २४,००० सेकंद. सहा तास चाळीस मिनिटं, एका मखराला. आणि तेवढा वेळ मशीनजवळ माणूस बसून हवा, कारण लेझर चालू ठेवून बाहेर जाणं म्हणजे गॅस चालू ठेवून बाहेर जाणं. तेच काम एका पासमध्ये सेकंदाला १५ मिमी वेगाने झालं तर पाऊण तासात उरकतं.

आता धंद्याच्या नजरेने बघा. २०१८ साली महाराष्ट्रात प्लास्टिकबंदीसोबत थर्माकोलवरही बंदी आली. गणपतीच्या सजावटीपुरती सवलत मागणारी मंडळी मुंबई उच्च न्यायालयात गेली, पण ती सवलत मिळाली नाही. थर्माकोलच्या मखराची जागा मग पुठ्ठा, कागद, कापड आणि लेझरने कापलेल्या एमडीएफने घ्यायला सुरुवात केली. ही मागणी खरी आहे. पण ती वर्षातून काही आठवडेच असते आणि तेव्हा सगळं एकदम हवं असतं. दिवसाला एकच मखर निघत असेल तर सीझन हातातून जातो. म्हणून मशीनची किंमत बघताना "एका तासात माल किती" हा भागाकार आधी करा.

पाचवा प्रश्न, जो जाहिरातीत नसतो: डोळे

उघड्या फ्रेमचं मशीन स्वस्त पडतं, कारण त्याला पेटीच नसते. अर्धा वॅटच्या वरचा उघडा लेझर क्लास ४ मध्ये मोडतो, म्हणजे सर्वात धोकादायक वर्गात. हे सगळे कटर त्याच्या कितीतरी वर आहेत. त्याच लेझरला नीट बंद पेटी आणि झाकण उघडताच बंद पडणारा स्विच दिला की वापरणाऱ्यासाठी ते क्लास १ होऊ शकतं. म्हणजे पेटी ही शोभेची वस्तू नाही, ती मशीनचा निम्मा अर्थ आहे.

प्रत्येक लेझरचा धोका वेगळा. निळा प्रकाश डोळ्याच्या लेन्समधून थेट पडद्यावर पोचतो. फायबरचा १०६४ नॅनोमीटरही तसाच पोचतो, वर तो दिसत नाही, म्हणून पापणीसुद्धा मिटत नाही. सीओटूचा किरण डोळ्याच्या पुढच्या भागातच शोषला जातो, पण तिथे भाजतो. सीओटूला साधा पॉलिकार्बोनेटचा चष्मा अडवतो, निळ्याला तो अजिबात अडवत नाही. त्यामुळे "लेझर गॉगल" एवढंच लिहिलेला चष्मा घेऊ नका. त्यावर तरंगलांबी आणि ओडीचा आकडा छापलेला हवा. ओडी ४ म्हणजे दहा हजारातला एक भाग आत येतो, ओडी ६ म्हणजे दहा लाखातला एक.

आणि रील बनवणाऱ्यांनो, हे खास तुमच्यासाठी: थेट किंवा चकचकीत पृष्ठभागावरून परत आलेला लेझर फोनच्या कॅमेरा सेन्सरवर पडला तर तिथले पिक्सेल कायमचे मरू शकतात. कटिंग शूट करायचंच असेल तर योग्य फिल्टरच्या झाकणामागून करा. लाईकसाठी फोन जाऊ देऊ नका, डोळा तर नाहीच.

धुराचंही तेच. एमडीएफ चिकटवायला फॉर्मल्डिहाइडवाला गोंद असतो, बंद खोलीत तो धूर घेऊ नये. आणि पीव्हीसी तर कुठल्याच लेझरवर ठेवायचं नाही. त्यातून हायड्रोजन क्लोराइड निघतो, तो फुप्फुसं आणि मशीन दोन्ही खातो. दुकानदार "सनबोर्ड" म्हणून देतात तो बोर्ड बहुतेक वेळा पीव्हीसी फोमच असतो. रेक्झिनही बऱ्याचदा पीव्हीसीचं. गिऱ्हाइकाने "हे कापून द्या ना" म्हटलं तरी आधी मटेरियल विचारा.

सॉफ्टवेअर कुणाच्या हातात?

मशीन घेताना हा मुद्दा आपली पिढी सर्रास विसरते, कारण ॲप छान दिसतं. पण ते ॲप इंटरनेट आणि लॉगिनशिवाय चालतं का, हे बघा. ग्लोफोर्जसारख्या मशीनमध्ये डिझाइनचं प्रोसेसिंगच क्लाउडवर होतं. नेट गेलं की काम थांबलं. गावाकडे नेटची काय अवस्था असते ते तुम्हाला सांगायला नको.

याउलट जीआरबीएल नावाचं ओपन सोर्स फर्मवेअर असलेलं मशीन लेझरजीआरबीएल किंवा लाइटबर्नसारख्या सॉफ्टवेअरवरून केबल लावून चालतं. त्यात एक फार उपयोगी सोय आहे. कोपऱ्यावर डोकं मंदावतं तेव्हा पॉवर तेवढीच राहिली तर कोपरा जळून काळा पडतो. जीआरबीएलच्या एम४ मोडमध्ये वेग कमी झाला की पॉवरही आपोआप कमी होते. एम३ मध्ये होत नाही. कितीतरी लोक कोपरे जळतात म्हणून मशीन बदलायला निघतात. तिथे एक सेटिंग बदलून काम भागतं.

घ्यायच्या आधी तीन चाचण्या

कुठल्याही विक्रेत्याकडे किंवा ओळखीच्याकडे मशीन बघायला जाल तेव्हा व्हर्निअर कॅलिपर आणि एक स्टीलची पट्टी सोबत न्या.

पहिली, कर्फची चाचणी. १० मिमी रुंदीच्या दहा पट्ट्या एकाला एक लागून कापा. त्या खेटून ठेवा आणि एकूण रुंदी मोजा. १०० ऐवजी ९८.२ मिमी भरली तर कमी पडले १.८, भागिले १०, कर्फ ०.१८ मिमी. हीच चाचणी पट्ट्या नव्वद अंशात फिरवून पुन्हा करा. दोन आकड्यांत बराच फरक आला तर ठिपका आयताकृती आहे.

दुसरी, काटकोनाची चाचणी. २०० मिमीचा चौरस कापा आणि दोन्ही कर्ण मोजा. दोन्ही २८२.८ मिमी यायला हवेत. एक मोठा आणि एक लहान आला तर फ्रेम तिरकी आहे. जुळवता येते का, ते तिथेच विचारा.

तिसरी, गोलाची चाचणी. ५ मिमीचं भोक कापा. ते अंडाकृती आलं किंवा एका बाजूला चपटं झालं तर पट्टा ढिला आहे किंवा कुठेतरी झोल आहे.

विक्रेता या तीन चाचण्या करू द्यायला टाळाटाळ करत असेल, तर तेही उत्तरच समजा.

मग घ्यायचं काय?

सरळ सांगायचं तर असं:

लाकूड, एमडीएफ, पुठ्ठा, चामडं एवढंच काम, जागा आणि बजेट कमी: १० ते २० वॅट ऑप्टिकलचा डायोड, बंद पेटीतला, एअर असिस्टसकट. त्यात बारीक नक्षी जास्त असेल तर १० वॅटच घ्या.

पारदर्शक ॲक्रिलिक, ट्रॉफी, नेमप्लेट आणि रोजचं काम: सीओटू. पाणी, धूर बाहेर काढायची सोय आणि आरशांची देखभाल यांचा खर्च धरूनच हिशेब करा. ट्यूब कायम टिकत नाही, ती बदलायला किती लागतात ते आधी विचारा.

धातूवर नाव, नंबर, किंवा चांदीचं बारीक काम: फायबर गॅल्व्हो.

"एकाच मशीनवर सगळं" असं काही नाही. दोन लेझर एकत्र बसवलेली मशीनही असतात, पण त्यातला इन्फ्रारेड लेझर बहुधा २ वॅटच्या आसपासचा, म्हणजे धातूवर खूण करण्यापुरता असतो. त्याने पत्रा कापला जाईल या भ्रमात राहू नका.

आणि चौथा पर्याय, जो कुणीच विकत नाही कारण त्यात कुणाचं मशीन खपत नाही: सहा महिने मशीन घेऊच नका. डिझाइन तुम्ही करा आणि कापून घ्या जॉबवर्कवर. जवळपास प्रत्येक जिल्ह्याच्या गावी सीओटूवाला सापडतो. पुणे जिल्ह्यातल्या पाबळच्या विज्ञान आश्रमात तर २००२ पासून फॅबलॅब आहे, जगातल्या अगदी सुरुवातीच्या फॅबलॅबपैकी एक. अशा ठिकाणी लेझर कटर हाताळून बघता येतो. सहा महिन्यांत तुम्हाला कळेल की गिऱ्हाईक नेमकं काय मागतंय. मशीन त्यानंतर निवडायचं.

भावाचं पुढे काय झालं? वीस कीचेनची ऑर्डर त्याने सीओटूवाल्याकडून कापून घेऊन पूर्ण केली. नफा जवळपास शून्य, पण शब्द पाळला. स्वतःच्या मशीनवर त्याने मोठ्या मखराचा नाद सोडून घरगुती गणपतीसाठी लहान मखरं काढली. कर्फ मोजून, स्लॉट कमी करून, एक पट्टी दहा वेळा कापून बघून. ती डिंकाशिवाय उभी राहिली.

परवा पुन्हा त्याचा फोन आला. "दादा, ऑफरमध्ये खरं ४० वॅटचं मिळतंय. ऑप्टिकल ४० आहे, मी बघितलंय मॅन्युअलमध्ये. घेऊ का?"

मी विचारलं, "कापणार काय त्यावर?"

दोन सेकंद शांतता. मग म्हणाला, "थांब, ऑर्डरची वही बघतो आणि सांगतो."